लेकराचं वावडं आणि सुईची तपासणी



आज आपण लहान लेकरांच्या अ‍ॅलर्जीच्या तपासणीविषयी बोलणार आहोत. ही तपासणी किती भरवशाची आहे, आणि तिचा कागद हाती आला म्हणजे घरच्यांनी काय करावं, एवढाच आजचा विषय. विषय डॉक्टरांचा आहे आणि मी तर मास्तर. पण परीक्षा घेण्यात माझा जन्म गेला. तिमाही, सहामाही, वार्षिक. परीक्षेचा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला थोडंफार कळतं. बाकीचं मी लेकरांच्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून तुम्हाला सांगतो आहे.

तुम्ही आता अक्षरं वाचू लागला आहात. दवाखान्यातून आलेला कागद पूर्वी दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आता तुम्ही स्वतः वाचता. म्हणूनच हा विषय मुद्दाम घेतला. छापलेल्या कागदाचा माणसाला मोठा वचक असतो. छापलं म्हणजे खरंच असणार, असं वाटतं. अ‍ॅलर्जीचा कागद तर फार नीटनेटका असतो. एका बाजूला पदार्थांची नावं, दुसऱ्या बाजूला आकडे. काही आकडे काळे, काही लाल.

आपल्याकडे या गोष्टीला जुना शब्द आहे. तो शब्द म्हणजे वावडं. अमक्याला वांग्याचं वावडं आहे, असं आपण म्हणतो. जे दहा जणांना चालतं ते अकराव्याच्या अंगाला चालत नाही. खाल्लं की अंगावर गांधी उठतात. ओठ सुजतात. उलटी होते. कोणाला धाप लागते. अ‍ॅलर्जी हा शब्द त्या मानानं नवा आहे. युरोपात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथले लेकरांचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी हा शब्द १९०६ साली काढला.

वावडं कसं होतं ते थोडक्यात पाहू. वावरात आपण जागलीला माणूस ठेवतो. चोर आला की तो ओरडतो, काठी उचलतो. आपल्या अंगातही असे राखणदार असतात. रोगाचे जंतू आले की ते धावतात. पण काही लेकरांच्या अंगातला राखणदार घरच्या गाईलाच चोर समजतो. दूध, अंडं, फल्ली अशी साधी वस्तू त्याला शत्रू वाटते. मग त्या वस्तूसाठी अंग एक खास पदार्थ तयार करतं. डॉक्टर त्याला आयजीई म्हणतात. ती वस्तू पुन्हा अंगात गेली की हा आयजीई कातडीतल्या, नाकातल्या, पोटातल्या काही पेशींना चेतवतो. त्या पेशी हिस्टामीन नावाचा रस सोडतात. त्या रसानं गांधी उठतात आणि सूज येते.

अ‍ॅलर्जीची तपासणी म्हणजे या आयजीईचा शोध. ती वस्तू खाऊन लेकरू आजारी पडतं की नाही, हे तपासणी पाहत नाही. राखणदाराच्या वहीत कोणाचं नाव लिहिलेलं आहे, एवढंच ती सांगते. तो प्रत्यक्षात काठी उचलेल की नाही, हे तिला ठाऊक नसतं. आता मी पुढं जे सांगणार आहे ते सारं या एका गोष्टीतून निघतं.

दर्यापूर तालुक्यातल्या एका घरची हकीकत सांगतो. नावं सांगत नाही. घर कास्तकाराचं. खारपाणपट्ट्यातलं वावर, रब्बीला हरभरा. घरात पहिला नातू. तीन महिन्यांचा असताना त्याच्या गालांवर इसब उठला. पुढं कोपरांत आणि गुडघ्यांच्या मागं पसरला. अकरा महिन्यांचा झाला तरी पोर रात्रभर खाजवे. त्याला झोप नाही, मायला झोप नाही. कोणीतरी सांगितलं, रक्त तपासून घ्या, काय चालत नाही ते सारं कळते. बाप शहरात गेला. तिथल्या एका लॅबमध्ये लेकराचं रक्त दिलं. हरभऱ्याच्या पैशातून बिल भरलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. चाळीसच्या वर नावं होती. त्यातली नऊ लाल. दूध, अंडं, गहू, तांदूळ, तूर, हरभरा, फल्ली, केळं आणि वांगं. बापानं तो कागद चुलीजवळच्या भिंतीला चिकटवला. आजीनं सारी नावं वाचून घेतली आणि त्याच दिवसापासून सारं बंद केलं. सून म्हणाली, "आत्याबाई, वरण तं तो आधीपासून खाते." आजी म्हणाली, "कागदावर लिवलं हाये ना माय! मंग कायले देतं त्याले?"

मग उरलं काय? जवारीच्या पातळ कण्या, साबुदाण्याची पेज आणि साखरेचं पाणी. लेकरू अंगावर पीत होतं, म्हणून मायचंही वरण, दूध आणि फल्लीची चटणी बंद झाली. अंगणवाडीत वजन होतं. अकरा महिन्यांचं असताना लेकरू ८ किलो १०० ग्रॅम भरलं होतं. तेरा महिन्यांचं झालं तेव्हा ७ किलो ४०० ग्रॅम भरलं. या वयात लेकराचं वजन वाढत जायला पाहिजे. याचं घटलं. तक्त्यावर ते हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात गेलं. आणि खाज? खाज होती तशीच होती.

अंगणवाडीच्या बाईंनी त्यांना अमरावतीला लेकरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तो रिपोर्ट हातात घेतला, घडी केला आणि बाजूला ठेवला. मग मायला विचारलं, "ताई, यातलं काय काय लेकरानं आधी खाल्लं होतं?"

"सारंच खाल्लं होतं जी."

"खाऊन काय झालं?"

"वरण-भात रोज खाये. काई नाई झालं. पोळी दुधात कुस्करून देवो. काई नाई झालं. फल्लीची चटणी बोटानं चाटे."

"आणि अंडं?"

माय थांबली. म्हणाली, "अंडं एकदाच देल्लं होतं. धा मिन्टात व्होट सुजले. तोंडावर गांधी उठल्या. मंग म्या पुन्हा नाई देल्लं."

डॉक्टरांनी फक्त तीन वस्तूंची सुईची तपासणी केली. अंडं, दूध आणि फल्ली. अंड्याच्या जागी मोठी गांधी उठली. फल्लीच्या जागी बारीक उठली. दुधाच्या जागी काहीच नाही. दोन महिने सारं बंद होतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही. दवाखान्यात बसवून दूध आणि फल्ली थोडी थोडी खाऊ घातली. लेकराला काही झालं नाही. शेवटी बंद राहिलं एकटं अंडं. नऊ नावांतलं एक खरं निघालं. आणि ते एक मायला कागदाच्या आधीपासून ठाऊक होतं. इसबाला त्यांनी मलम दिलं आणि रोज अंघोळीनंतर अंगाला चोपडायला सांगितलं. लेकराचं वजन पुढं चार महिन्यांत भरून निघालं.

इथं कोणी म्हणेल, म्हणजे लॅबनं खोटं सांगितलं. तसं नाही. लॅबनं रक्तात आयजीई शोधला आणि तो तिला सापडला. इसब असलेल्या लेकराच्या रक्तात तो अनेक वस्तूंसाठी सापडतो. उत्तर बरोबर होतं. प्रश्नच चुकीचा विचारला होता. मायला न विचारता चाळीस वस्तू तपासायच्या, म्हणजे न शिकवलेल्या धड्यांवर पेपर काढण्यासारखं आहे. त्यातले गुण कशाचे धरायचे?

आता सुईची तपासणी कशी होते ते सांगतो. पुष्कळ माया सुई म्हटलं की घाबरतात. हातावर, आणि फार लहान लेकरू असेल तर पाठीवर, पेनानं खुणा करतात. प्रत्येक खुणेजवळ एका वस्तूच्या अर्काचा थेंब ठेवतात. थेंबातून कातडीला अगदी वरच्या वर टोचतात. रक्त येत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं थांबतात. ज्या वस्तूचा आयजीई अंगात आहे तिथं डास चावल्यासारखी गांधी उठते. ती पट्टीनं मोजतात. ३ मिलिमीटर किंवा जास्त असली तर तपासणी उठली असं म्हणतात. ३ मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीच्या दाण्याहून बारीक.

यातली एक युक्ती मला फार आवडली. त्या थेंबांत दोन थेंब वेगळे असतात. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा. तिथं काही उठायला नको. तिथंही उठलं तर समजावं, या लेकराची कातडी नुसत्या टोचण्यानंच फुगते. दुसरा थेंब हिस्टामीनचा. तिथं गांधी उठलीच पाहिजे. तिथं उठली नाही, तर बाकीचं सारं कोरं दिसलं तरी त्याला किंमत नाही. ती परीक्षा रद्द. आम्ही शाळेत अशी सोय कधी केली नाही. केली असती तर बरं झालं असतं!

हिस्टामीनचा थेंब का उठत नाही? बहुधा औषधामुळं. सर्दीचं, खाजेचं औषध लेकराला चालू असतं. सेट्रिझीनसारखी ही औषधं हिस्टामीनलाच अडवतात. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानं ती साधारण आठवडाभर आधी बंद करावी लागतात. मेडिकलमधून आणलेलं कोणतं औषध लेकराला पाजलं, हे डॉक्टरांना लपवू नका. बाटली सोबत न्या. रक्ताच्या तपासणीवर मात्र या औषधांचा परिणाम होत नाही. अंगभर इसब असलेल्या लेकराची रक्ताची तपासणीच सोयीची पडते.

आता वयाचा प्रश्न. गावात दोन बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, पाच वर्षांच्या आत ही तपासणी होतच नाही. दुसरा म्हणतो, जन्मल्याबरोबर सारं तपासून टाका. दोन्ही बोलणी चूक आहेत. तपासणी काही महिन्यांच्या लेकराचीही होते. वयाची आडकाठी नाही. पण लहान लेकराची कातडी मोठ्या माणसासारखी फुगत नाही. सहा महिन्यांच्या पोराची गांधी बारीक उठते. हिस्टामीनचीसुद्धा बारीक उठते. म्हणून ती हिस्टामीनच्या गांधीशी ताडून पाहावी लागते. वाचणारा सवयीचा पाहिजे.

दुसरं असं की, प्रत्येक वावड्याला आपला काळ असतो. दूध आणि अंडं यांचं वावडं पहिल्या वर्षातच दिसू लागतं. धुळीतल्या बारीक किड्यांचं आणि फुलांच्या परागांचं वावडं जमायला काही मोसम जावे लागतात. दीड वर्षाच्या लेकराची परागांची तपासणी केली तर ती बहुधा कोरीच येते. ती आज कोरी आली म्हणून पाचव्या वर्षीही कोरीच राहील, असं नाही. आणि दोन वर्षांच्या आतल्या लेकराची छाती घरघरते ती पुष्कळदा सर्दीच्या विषाणूंनी. त्यासाठी तीस नावांचा कागद काढून उपयोग नाही.

उलट बाजूनं, पहिल्या वर्षीचं वावडं जन्मभराचं नसतं. दूध आणि अंडं यांचं वावडं बहुतेक लेकरांचं वाढत्या वयात जातं. फल्लीचं मात्र बरंचसं टिकतं. साधारण पाचांत एकाचंच जातं. म्हणून जुना कागद जपून ठेवला आणि पोरगं शाळेत जाईतो दूध दिलंच नाही, असं करू नये. डॉक्टर ठरलेल्या काळानं पुन्हा पाहतात.

तपासणी उठली म्हणजे वावडं आहेच असं नाही, हे मी वर सांगितलं. त्याला आकड्यांचा आधार आहे. शेजारच्या कर्नाटकात मोठ्या माणसांचा एक अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. रक्त तपासलं तेव्हा शंभरात सुमारे २६ जणांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाण्याच्या वस्तूचा आयजीई सापडला. पण खाऊन खरोखर त्रास होतो अशी माणसं शंभरात एकाहून थोडी जास्त. बाकीचे तेच जेवण रोज जेवत होते आणि सुखात होते. कोणी त्यांना कागद दाखवला असता तर त्यांचं जेवण सुटलं असतं.

याचा अर्थ आपल्याकडे वावडं नसतंच, असाही कोणी घेऊ नये. आपला हरभराच घ्या. झुणका, भजी, फुटाणे, पुरण. हरभऱ्यावाचून वऱ्हाडातलं घर चालत नाही. तरी हरभऱ्याचं खरंखुरं वावडं असलेली माणसं आपल्या देशात आहेत. मुंबईच्या संशोधकांनी त्यावरचा अभ्यास २००१ साली छापला. त्यांनी आधी रोग्याला विचारलं. मग सुईची तपासणी केली. आणि मग हरभरा खाऊ घालून पाहिला, तोही असा की आज हरभरा दिला की दुसरं काही, हे खाणाऱ्यालाही कळू नये आणि देणाऱ्यालाही. मनाच्या भीतीनंसुद्धा अंग खाजतं, म्हणून ही खबरदारी. खाऊ घालून पाहणं ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. पण ती दवाखान्यातच करतात. अगदी थोड्यानं सुरू करून हळूहळू वाढवतात. जवळ इंजेक्शन तयार असतं. एखाद्या वस्तूनं लेकराला एकदा धाप लागली असेल, तर ती वस्तू घरी देऊन पाहायची नाही. आजीनं सांगितलं तरी नाही आणि शेजारणीनं सांगितलं तरी नाही.

आता फल्लीची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण यात मोठमोठ्या जाणत्यांचा सल्ला बदलला. अमेरिकेत आणि इंग्लंडात फल्लीच्या वावड्यानं पुष्कळ लेकरं आजारी पडत. म्हणून अमेरिकेतल्या लेकरांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २००० साली सांगितलं की, ज्यांच्या घरात वावडं आहे अशा लेकरांना तीन वर्षांपर्यंत फल्ली देऊ नका. लोकांनी ऐकलं. वावडं काही कमी झालं नाही. २००८ साली हा सल्ला मागं घेतला गेला.

मग लंडनमध्ये एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१५ साली आला. चार ते अकरा महिन्यांची ६४० लेकरं घेतली. सारी जास्त इसब असलेली किंवा अंड्याचं वावडं असलेली. आधी सर्वांची फल्लीची सुईची तपासणी केली. फार मोठी गांधी उठली ती लेकरं प्रयोगात घेतलीच नाहीत. उरलेल्यांत काहींची तपासणी कोरी होती, काहींची बारीक गांधी उठली होती. निम्म्या लेकरांना दर आठवड्याला फल्लीचे पदार्थ खाऊ घातले. निम्म्यांना पाच वर्षं फल्ली अजिबात दिली नाही.

पाचव्या वर्षी काय दिसलं? ज्यांची तपासणी कोरी होती आणि ज्यांना फल्ली दिलीच नाही, त्यांच्यात शंभरात सुमारे १४ जणांना फल्लीचं वावडं जडलं. खाणाऱ्यांत शंभरात २. ज्यांची बारीक गांधी उठली होती, त्यांच्यापैकी न खाणाऱ्यांत शंभरात ३५ जणांना वावडं जडलं. खाणाऱ्यांत ११.

हे आकडे नीट पाहा. फळ्यावर लिहून पाहा. तपासणी उठलेल्या आणि फल्ली न दिलेल्या शंभरांत ३५ जणांना वावडं जडलं, म्हणजे ६५ जणांना जडलं नाही. आणि तपासणी कोरी असूनही ज्यांना फल्ली दिली नाही, त्यांच्यातल्या १४ जणांना ते पुढं जडलं. म्हणजे कागद पाहून खाणं बंद केलं, की जो रोग टाळायचा तोच काही लेकरांत आपण ओढवून घेतो. माझ्या मते कोणत्याही लॅबच्या भिंतीवर हे आकडे लावायला हरकत नाही. मात्र हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला. जास्त इसब असलेल्या लेकराला पहिल्यांदा फल्ली द्यायची ती डॉक्टरांना विचारूनच. आणि अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत कोणत्याही लेकराला देऊ नका. तो श्वासनळीत अडकतो. बारीक कूट करून खिचडीत किंवा कण्यांत मिसळा.

आता दुसरी बाजू. तपासणी कोरी आली म्हणजे लेकरू सुटलं, असंही नाही. काही वावडी आयजीईच्या वाटेनं येतच नाहीत. दोन महिन्यांचं लेकरू वरचं दूध पितं. हसतं, खेळतं, पण त्याच्या शौचात रक्ताच्या बारीक रेघा दिसतात. किंवा एखादी वस्तू खाल्ल्यावर एक ते चार तासांनी लेकरू उलट्यांवर उलट्या करतं आणि गळून पडतं. अशा वावड्यांत सुईची तपासणी बहुधा कोरी येते. रक्ताचीही येते. कोरा कागद पाहून घरचे म्हणतात, दुधाचा काही दोष नाही, पाजा. इथं डॉक्टर वेगळं करतात. ते दोन ते चार आठवडे ती वस्तू बंद ठेवतात, लेकरू सुधारतं का पाहतात, आणि मग आपल्या देखरेखीत ती पुन्हा देऊन खात्री करतात. आईचं दूध मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय कधी तोडू नका. बहुधा मायच्या खाण्यातलं दूध-दही काही दिवस बंद केलं की भागतं.

अंग सुकलं असलं की तपासणी खोटी कोरी येते, हेही त्याच पिर्के डॉक्टरांना दिसलं होतं. १९०७ साली त्यांनी क्षयरोग ओळखण्यासाठी कातडीची एक तपासणी काढली. क्षयाचा जंतू अंगात गेला असेल तर त्या जागी फुगतं. पण लेकराला गोवर आला की तीच जागा काही दिवस फुगत नाही, हे त्यांनी १९०८ साली नोंदवलं. त्या तपासणीची धाकटी बहीण आजही आहे. तिला माँटू म्हणतात. हाताला टोचून दोन-तीन दिवसांनी पाहतात. फार कुपोषित लेकराला क्षय असूनही ती कोरी येऊ शकते. आपल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, ही गोष्ट नुसती पुस्तकातली नाही. तिथं कोरी माँटू पाहून क्षयाचा संशय सोडून देणं लेकराच्या जिवावर बेतू शकतं.

रिपोर्टवर कधी एकच आकडा असतो. एकूण आयजीई. तो वाढलेला दिसला की घरचे घाबरतात. पोटात जंत झाले तरी हा आकडा वाढतो. अनवाणी फिरणाऱ्या, मातीत खेळणाऱ्या लेकरांत तो वाढलेला असणं नवलाचं नाही. त्यावरून कोणत्या वस्तूचं वावडं आहे ते मुळीच कळत नाही. एक वर्षाच्या वरच्या लेकरांना अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला गोळी मिळते. ती घेऊ द्या.

आणखी एक रिपोर्ट निघतो. त्यात आयजीई नसून आयजीजी लिहिलेलं असतं. एकाच अक्षराचा फरक आहे, म्हणून नीट वाचा. आयजीजी हा आपण जे खातो त्याचा अंगात राहणारा साधा माग आहे. त्यावरून वावडं ठरत नाही. जगातल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटना खाण्याच्या वावड्यासाठी ही तपासणी करू नका असंच सांगतात. केस पाठवून वावडं सांगणारेही आहेत. त्यांच्याविषयी मी जास्त बोलत नाही. पैसे वाचवा.

गाजरगवताचं काय, असं निंदणाला जाणाऱ्या बाया विचारतात. हे गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत आलं आणि पुढं साऱ्या देशात पसरलं. त्यानं मोठ्या माणसांच्या हाताला, मानेला, तोंडाला खाज सुटते आणि कातडी जाड होते. या खाजेची परीक्षा वेगळी आहे. पाठीवर पट्टी चिकटवतात. ती दोन दिवसांनी काढून पाहतात आणि नंतर पुन्हा एकदा पाहतात. पंधरा मिनिटांच्या सुईच्या तपासणीत ही खाज सापडत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं? एक वही न्या. तुम्हाला लिहिता येतं, त्याचा इथं मोठा उपयोग आहे. लेकरानं काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळानं काय झालं, किती वेळ राहिलं, तीच वस्तू पुन्हा दिली तेव्हा काय झालं, त्या दिवशी ताप-सर्दी होती का, कोणतं औषध चालू होतं, हे तारखेसह लिहा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. मोबाईल असेल तर गांधी उठल्या असतानाच फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या जिरून जातात आणि मग डॉक्टरांना दाखवायला काही राहत नाही. अंगणवाडीचं वजनाचं कार्डही न्या. डॉक्टर या वहीवरून ठरवतील की तपासणी करायची का, आणि केली तर कोणत्या दोन-तीन वस्तूंची. अमरावतीला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला जाण्याआधी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही वही दाखवा. पुष्कळ प्रश्न तिथंच सुटतात.

तपासणीचा कागद आला की त्यांना सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, हे खाऊन लेकराले कधी काई झालं नाई. तरी बंद करू काय?" आणि बंद करायचं ठरलं, तर विचारा, "त्याच्या बदल्यात काय देऊ, आणि पुन्हा कधी दाखवू?" विचारायला लाजू नका.

एक गोष्ट राहिली. कागदावरचा मोठा आकडा म्हणजे मोठा झटका, आणि लहान आकडा म्हणजे लहान झटका, असा हिशेब चालत नाही. आकडा मोठा असला तर वावडं खरं असण्याचा संभव जास्त, इतकंच. झटका किती मोठा येईल ते आधी कोणत्याच तपासणीत कळत नाही. म्हणून ज्या लेकराला खरं वावडं आहे, त्याच्या घरी मोठ्या झटक्याची खूण साऱ्यांना ठाऊक पाहिजे. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत आवाज घोगरा झाला, सतत खोकला लागला, श्वास घरघरला, जीभ सुजली, लेकरू गळून पडलं किंवा ओठ निळसर पडले, तर थांबू नका. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या गाडीनं जवळच्या दवाखान्यात न्या. याला औषध एकच, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीत. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंजवळ जी तातडीची पेटी असते तिच्यात हेच असतं. खाजेच्या गोळीनं हा झटका थांबत नाही. लेकराला आडवं ठेवा, खांद्यावर घेऊन धावू नका. श्वासाचा त्रास जास्त असेल तर टेकून बसवा. तोंडात पाणी, ताक काही घालू नका. इंजेक्शननं लेकरू लगेच हसू-खेळू लागलं तरी त्याच पावली घरी परतू नका. काही तासांनी झटका पुन्हा उलटू शकतो. डॉक्टर जा म्हणतील तेव्हाच निघा.